मशीनच्या मागून पाहिलेला मुलगा

आमच्या मिर्झाचोलमध्ये, ताश्कंदच्या अलीकडच्या या कापसाच्या मुलखात, मुलगी घरात जाऊन बघायची पद्धत नाही. म्हणजे जातात, चहा पितात, पण ते सगळं नंतरचं. घरात काय हो, सगळ्याच मुली गरीब गाय. मान खाली, हातात पियाला, तोंडातून शब्द नाही. मुलगी बघायची ती कापसात, आणि तीही मागून, तिला न कळता. दोन्ही हातांनी वेचते की एका हाताने, पोटाला बांधलेल्या ओटीत पालापाचोळा जातो का, खालची बोंडं वाकून काढते की वरवर ओरबाडून पुढे पळते, ऊन चढलं की तुतीच्या सावलीला किती वेळा जाऊन बसते. एवढं बघितलं की पुढचं सगळं कळतं. चूल कशी सांभाळेल आणि म्हातारपणी आपल्याला कशी विचारेल, तेसुद्धा.

माझ्या सासूने मला असंच पसंत केलं. मी तेव्हा शेजारच्या ओळीतल्या बाईशी कचाकचा भांडत होते. "तोंड चालतंय, पण हात थांबत नाहीत, घ्या हिला," म्हणाली म्हणे सासू. तोंड माझं अजून चालतं. गुडघे मात्र गेले. उभा जन्म कापसात वाकून काढल्यावर गुडघे राहतात होय? म्हणून मला सून हवी होती. लपवायचं काय त्यात! सगळ्यांनाच हवी असते.

माझा धाकटा, एल्दोर, नव्या मशीनवर आहे. कापूस वेचायची मशीन चालवतो. धाकटा म्हणजे आमच्याकडे आईबापांजवळ राहणारा, त्यामुळे त्याची बायको ती माझी खरी सून. आणि या बाबाने मन कुठे लावावं? कुमरी-आपाच्या शाहलोवर. कुमरी-आपा म्हणजे आमच्या गावातल्या वेचणाऱ्या बायकांची म्होरकी. तिने हाक मारली की सगळं गाव ओट्या बांधून बाहेर पडायचं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, नजर अशी की ओटीतलं वाळकं पान लांबून दिसावं.

शाहलोला मी दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं, मागून. वेचणी बरी होती. फार छान नाही, बरी. पण मुलगी हसरी, आणि एल्दोर तिच्याशिवाय दुसरं नाव घेईना. आताशा ती रोज तालुक्याच्या गावी शिवणकाम शिकायला जायची. मी म्हटलं, शिवण येत असेल तर वेचणीचं चालवून घेऊ. मनाचा मोठेपणा बघा माझा.

मग नणंदेला घेऊन, टोपलीत ताजे नान घेऊन, मी मागणी घालायला गेले. मुलीकडच्यांनी होकार दिला की दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या चादरीवर, दोन नान मोडतात. नान मोडला की काळ्या दगडावरची रेघ, मग कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. कुमरी-आपाने चहा दिला, हलवा दिला, अक्रोड दिले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि नान आख्खेच्या आख्खे टोपलीत परत ठेवले.

"तुर्सुनोय," ती म्हणाली, "तुझा मुलगा वाईट नाही. पण त्याची मशीन माझ्या बायकांच्या तोंडचा घास काढते. वेचणीचा पैसा तेवढा बाईच्या हातात पडायचा, मध्ये नवऱ्याचा हात नाही की सासऱ्याचा नाही. तो गेला. आणि तो नेणाऱ्याच्याच गळ्यात मी माझी मुलगी बांधू?"

"मग काय त्याने मशीन सोडून मेंढ्या वळायच्या?" मी म्हटलं.

"तसं कुठे म्हणाले मी? मी त्याला बघेन."

"लहानपणापासून बघतेच आहेस की!"

"तसं नाही. तू माझ्या मुलीला मागून बघितलंस ना? मला कळलं नाही असं वाटतं तुला? तसंच मी तुझ्या मुलाला बघणार. मशीनच्या मागून. आणि कधी येईन ते सांगणार नाही. सांगून गेलं तर गाढवसुद्धा सरळ चालतं."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मुलाला बघायचं? मुलीच्या आईने? असं कुणी ऐकलंय? घरी येईपर्यंत मी नणंदेला एकही शब्द बोलू दिला नाही, सगळं मीच बोलले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण 'हे' 'हे' तरी किती वेळा म्हणू, म्हणून सांगते, नोरमत. तरुणपणी हा निळ्या जहाजाचा कप्तान होता. खरं जहाज नव्हे हो, समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे. सामूहिक शेतांच्या काळात कापूस वेचायच्या मशीन निळ्या रंगाच्या असत, म्हणून लोक त्यांना निळी जहाजं म्हणायचे आणि चालवणाऱ्याला कप्तान. मोठा रुबाब होता. काम मात्र असं, की उभ्या चात्या गरगर फिरायच्या, निम्मा कापूस मशीनच्या पोटात, बाकीचा थोडा झाडावर लोंबतोय, थोडा मातीत. मागून आम्ही बायका तो गोळा करत चालायचो. वरून हुकूम असायचा की इतका कापूस मशीननेच निघाला पाहिजे. निघत नसे. मग आम्ही हातांनी वेचलेला कापूस ओट्यांतून जहाजाच्या हौद्यात ओतायचा, की झाला तो मशीनचा! एका वर्षी नोरमतचा फोटो पेपरात आला. त्यात त्याच्यामागे हौद्यात जो पांढराशुभ्र ढीग दिसतो, तो माझा आणि माझ्या बहिणींचा. फोटो अजून भिंतीवर आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते आणि रोज त्याला ऐकवते.

पुढे ते राज्य गेलं, सुटे भाग मिळेनात, जहाजं भंगारात गेली. सगळं जग हातावरून मशीनवर जातं, आम्ही मशीनवरून परत हातावर आलो. शाळेतले मास्तर, दवाखान्यातल्या नर्सा, कॉलेजची पोरं, शरद आला की सगळे कापसात. आणि आता पुन्हा मशीन. पण ही निराळी. हिच्या चात्या आडव्या, माणसाच्या बोटांसारख्या, पाण्याने ओल्या होतात, बोंडातला कापूस गुंडाळून घेतात आणि मागचा रबर तो पुसून काढतो. तिला ओळींमधलं अंतरही तिच्या मापाचं लागतं, म्हणून वसंतात पेरणीच तिच्या मापाने होते. पेरतानाच ठरतं की इथे बाई वेचणार नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. मशीनला वळायला जागा लागते. म्हणून शेताच्या दोन्ही टोकांचा कापूस आधी बायकांनी हाताने वेचायचा, मग तिथल्या पऱ्हाट्या कापून जागा मोकळी करायची, मग ती महाराणी आत शिरणार. अख्ख्या शेतातली तेवढी दोन टोकं आता कुमरी-आपाच्या बायकांची.

मागणी परत आली त्याला आठवडा झाला असेल. दुपारचं जेवण आटोपून मी जरा पाय पसरले होते, तोच कुमरी-आपाची भाची धापा टाकत दारात.

"खाला, आत्या म्हणते आत्ताच्या आत्ता कालव्याकडच्या शेतावर या. ती मुलगा बघायला निघालीय."

एल्दोरला निरोप धाडायलाही वेळ नाही! फोन लावला तर तो उचलेना. नोरमत सकाळीच शेतावर गेलेला, मुलाच्या मशीनमध्ये नाक खुपसायला. मी तशीच ओढणी गुंडाळली आणि निघाले. वाटेत अल्लाला म्हटलं, आजच्या दिवस या पोराचे हात सरळ ठेव, पुढचं मी बघते.

कालव्याकडच्या शेतावर पानं झडून गेली होती, औषध मारलं होतं ना, नुसता कापूस उभा. टोकाला कुमरी-आपाच्या बायका ओट्या सोडून बसल्या होत्या. मशीन दूरच्या टोकाला वळत होती. काचेवर धुळीचा थर, आत कोण ते दिसायचं नाही, नुसती टोपी आणि काळा चष्मा. कुमरी-आपा कमरेवर हात ठेवून उभी. मला बघून म्हणाली, "आलीस? चल. आणि मध्ये बोलायचं नाही."

मला सांगते बोलायचं नाही!

मशीन आमच्या जवळून गेली, आम्ही ती पुढे जाऊ दिली आणि तिच्या मागे लागलो. चार ओळी ती खात पुढे चाललेली, मागे आम्ही दोघी, एकीचा जावई ठरायचाय, एकीची सून. कुमरी-आपा दर दहा पावलांवर वाकायची, पऱ्हाटी हाताने बाजूला करायची.

"ही बघ. खालची दोन बोंडं राहिली."

"दोन बोंडं!" मी म्हटलं. "आपा, विसरलीस का? निळ्या जहाजाच्या मागे अर्धं शेत राहायचं. आपल्या ओट्या भरून वाहायच्या."

"वाहायच्या म्हणून तर चुली पेटायच्या. याच्या मागे काय आहे? चिमणीला घरटं करायला पुरायचं नाही."

"म्हणजे कापूस राहिला तरी वाईट, नाही राहिला तरी वाईट! माझ्या मुलाने करावं तरी काय?"

ती पुढच्या पऱ्हाटीशी वाकली. मला त्या वेळी खरंच कळेना की काय मागावं. स्वच्छ वेचलं तर तिच्या बायका उपाशी, घाण वेचलं तर मुलगा नालायक. इकडे आड, तिकडे विहीर.

टोकाला मशीन वळली. सावकाश, मोठा फेर घेऊन, एकाही उभ्या झाडाला न लागता, आणि पुढच्या चार ओळींत अशी शिरली की सुईत दोरा जावा. माझी छाती फुगली.

"बघितलंस? याला म्हणतात हात."

"वळायला केवढा वेळ लावला," कुमरी-आपा म्हणाली. "भित्रा आहे. भित्रा माणूस घर चालवत नाही."

"सांभाळून वळतो त्याला भित्रा म्हणतात होय? बेदरकार वळला असता तर म्हणाली असतीस, दारुड्या आहे."

या टोकालाही तिच्या काही बायका बसल्या होत्या, त्या खुदकन हसल्या. आम्ही पुन्हा मशीनच्या मागे. अर्ध्या शेतात गेल्यावर मशीन अचानक थांबली. पुढच्या तोंडाचे चारही भाग वर उचलले गेले. मग ती तशीच रिकामी थोडी पुढे गेली, पुन्हा तोंड खाली, पुन्हा वेचणी सुरू. मागे एवढासा तुकडा न वेचलेला, पांढरा.

"आणि हे काय?" कुमरी-आपाचा आवाज चढला. "आमच्यासाठी भीक टाकून गेला? मी बघायला आले हे कळलं वाटतं त्याला!"

मी पुढे होऊन पाय टेकवला तर चप्पल रुतली. कालव्याचं पाणी झिरपलं होतं, बोंडांना खालून चिखल लागलेला.

"ओल आहे इथे," मी ओरडले. "चिखलाचा कापूस चांगल्यात मिसळला की सगळा हौदा बाद. त्याने बघितलं आणि सोडलं. किती जणांना सुचतं हे? माझ्या नवऱ्याने अख्ख्या जन्मात चिखल बघून मशीन थांबवली नाही!"

"ओल दिसेपर्यंत मशीन तिच्यात होती. आधी दिसायला पाहिजे होती. लक्ष नाही कामात."

आता माझा तोल सुटला. टोकाला पोचलो होतो, सगळ्या बायका ऐकत होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपा, तू डोळ्यांवर पट्टी बांधून आलीस. मी सांगते, असा हात ज्या घरात आहे त्या घराला कधी उणं पडायचं नाही. असं माणूस मिळालं तर डोक्यावर घेऊन नाचावं. तळहातावर जपावं!"

"आपलं पोर आहे म्हणून नाचतेस," कुमरी-आपा शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की मला जास्त भीती वाटते. "मी परकेपणाने बघितलं. हात कच्चा आहे. धीर नाही. मन कुठेतरी दुसरीकडे आहे. नाही तुर्सुनोय, माझी मुलगी मी देणार नाही. नान परत आणू नकोस."

झालं! मला पायांखालची माती सरकल्यासारखं झालं. माझं जाऊ द्या, पण पोराला काय सांगू? वर्षभर तो घरात गुणगुणत फिरतोय, आरशात बघतोय, माझ्या चहाला छान म्हणतोय. मी आयुष्यात कुणाला गयावया केलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी केलं. म्हटलं, "आपा, मला बोल, मला चार शिव्या दे, माझ्या तोंडाला सगळं गाव कंटाळलंय, पण पोराची काय चूक? एकदा त्याला समोर उभा करते. त्याच्या तोंडावर सांग नाही म्हणून. माझ्याच्याने नाही सांगवणार."

ती मान हलवून हो म्हणाली. मी शेताच्या कडेला उभ्या ट्रॉलीकडे निघाले, कुमरी-आपा आणि तिच्या बायका मागोमाग. मशीन तिथेच हौदा रिकामा करायला येणार होती. ट्रॉलीला वळसा घातला, आणि बघते तर काय, सावलीत सतरंजी टाकून बापलेक खरबूज खात बसलेत! नोरमतच्या दाढीवरून रस गळतोय, एल्दोर पाय पसरून, उघड्या डोक्याने.

"तू इथे?" मी म्हटलं. "मग तिकडे कोण आहे?"

एल्दोरच्या घशात खरबुजाची फोड अडकली. नोरमत फक्त म्हणाला, "अगं, जरा हळू बोल."

तेवढ्यात मशीन आलीच. हौदा वर उचलला, कापूस धबाधब ट्रॉलीत पडला, इंजिन बंद झालं. दार उघडून चालवणारा शिडीवरून पाठमोरा उतरू लागला. उतरताना चष्मा काढला, टोपी काढून कपाळ पुसलं. शाहलो होती. शेवटच्या पायरीवर वळली, तर समोर तिची आई. ती खाली उतरेच ना. एक पाय पायरीवर, एक हवेत.

"आई," ती म्हणाली, "मी शिवणाच्या वर्गाला जात नव्हते."

मग सगळं बाहेर आलं. तालुक्याला शिवणाचा वर्ग भरतो त्याच आवारात मशीन चालवायचा वर्ग आहे. ही पोरगी पहिल्या दिवसापासून तिथेच जात होती. परवाना मिळालाय. रोज दुपारी एल्दोरच्या मशीनवर हात बसवत होती, आणि बाजूच्या छोट्या सीटवर बसून तिला शिकवत कोण होतं, तर आमचे कप्तान! दहा दिवसांपूर्वी तिला एकटीला चालवायला सोडलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"होतं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," तो म्हणाला. "सकाळी सांगितलं असतं तर दुपारी ताश्कंदला कळलं असतं." मग आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघून दाढी पुसत म्हणाला, "पण एक सांगा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आज बाब्या कोण आणि कार्टं कोण, तेवढं एकदा ठरवून घ्या."

बायका अशा हसल्या की त्यांच्या ओट्या हलायला लागल्या. मी पण हसले असते, पण कुमरी-आपाचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. ती वळली आणि सरळ शेतात चालू लागली, त्या चिखलाच्या तुकड्याकडे. मी तिच्या मागे गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले.

ती न वेचलेला कापूस वेचत होती. हात सवयीने चालले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती.

"रागावू नकोस पोरीवर," मी म्हटलं. "खोटं बोलली हे चुकलं, पण—"

"तिच्यावर कोण रागावतंय?" ती म्हणाली. "तुर्सुनोय, मी तासभर तिच्या मागे चालले. तिच्या प्रत्येक ओळीत मी खोट काढली. भित्री म्हणाले, कच्ची म्हणाले, लक्ष नाही म्हणाले. काम चांगलं होतं गं. मला दिसत होतं की चांगलं आहे. मी काही आंधळी नाही. पण परकं पोर समजून बघत होते, म्हणून चांगल्यातही वाईट शोधत गेले."

मी गप्प. मला गप्प बसता येतं हे मलाही नवीनच होतं.

"आणि आता हीच पोर तुझ्या घरात पाठवायची," ती म्हणाली. "तिथे ती परकी. मी आज बघितलं तसंच तिला रोज कुणीतरी बघणार. चहा फिका, पोळी जाड, उठायला उशीर. मशीनचा राग आहेच मला, तो काही गेला नाही. पण त्या दिवशी नान परत ठेवले ना, ते निम्मे मशीनमुळे आणि निम्मे तुझ्यामुळे. तू तिची वेचणी 'बरी' म्हणालीस, ते माझ्या कानावर आलं होतं."

मी चिखलात रुतलेली चप्पल ओढून काढली.

"आज तू तिला अख्खा वेळ आपला मुलगा समजून बघितलंस," कुमरी-आपा म्हणाली. "डोक्यावर घेऊन नाचावं म्हणालीस. सगळ्यांसमोर म्हणालीस. उद्या ती घरात आल्यावर कशी बघशील, तेवढं सांग. खोटं सांगायचं नाही."

हो म्हणायला काय जातंय? जीभ उचलली की झालं. पण तिने खोटं सांगू नको म्हटलं आणि मी विचार करत बसले. एल्दोर शेतावरून येतो तेव्हा मी काय करते? त्याच्या हातांवर पाणी घालते. तंदूरमधला पहिला नान त्याला. तो जेवेपर्यंत कुणाला त्याच्याशी बोलू देत नाही. सकाळी तो झोपलेला असताना दारात कुणी मोठ्याने खाकरलं तरी मी धावून जाते. आणि सून? आमच्याकडची सून सगळ्यांच्या आधी उठते, अंगण झाडते, वाकून सलाम करते, मग चहा. मी केलं. सासूचे डोळे मिटेपर्यंत केलं, तापात केलं, पोटुशी असताना केलं. आणि मनात रोज म्हणत आले की, होईल, आपलीही पाळी येईल. कुणीतरी आपल्या हातांवर पाणी घालेल. आता ती पाळी आली होती, आणि ही बाई मला सांगत होती की सोड.

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. शाहलोसाठी नाही, माझ्यासाठी आलं.

मी परत फिरले. टोकाला बायकांच्या सामानात पाण्याचा लोटा होता, तो उचलला. शाहलो अजून मशीनपाशीच उभी, एल्दोर तिच्यापासून चार हात लांब, दोघांची तोंडं उतरलेली. तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते, मशीनचं ऑइल आणि धूळ.

"पुढे कर," मी म्हटलं.

"काय खाला?"

"हात पुढे कर."

तिला कळलं आणि ती घाबरली. दोन पावलं मागे सरली. सगळ्या बायका वळून बघू लागल्या. सासू होणारी बाई उभी, आणि सून होणारीच्या हातांवर पाणी घालायला लोटा घेऊन!

"नको खाला, तुम्ही नको, मी घालते तुमच्या हातांवर—"

"माझे हात स्वच्छ आहेत, मी काही केलं नाही आज. नुसतं बोलले. धर पुढे, गुडघे दुखतायत माझे, किती वेळ उभी राहू?"

तिने हात पुढे केले. मी पाणी घातलं. एल्दोर बघतच राहिला होता, त्याला म्हटलं, "बघत काय बसलास, साबण आण. आणि उद्यापासून अंगण कोण झाडणार ते तू आणि तुझा बाप दोघं मिळून ठरवा." नोरमत खोकला. बायकांमध्ये कुणीतरी "अल्ला!" म्हणालं, कुणी हसलं, एक म्हातारी मात्र तोंड फिरवून बसली. बसू दे, म्हटलं, तिच्या सुनेला विचारा.

पावलं वाजली. कुमरी-आपा शेतातून आली होती, ओटीत चिखलाचा कापूस घेऊन. ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"शुक्रवारी या," ती म्हणाली. "चार माणसं आणि दोन नान घेऊन या."

मी वळून बघितलं नाही. शाहलोच्या नखांतलं काळं अजून निघत नव्हतं, आणि मी तिचं एकेक बोट धरून घासत होते.